ओरोसची विधी सेवा: गाडीसाठी ड्रायव्हर मारला गेला, तर घरच्यांनी कुठे जायचं

ज्यांच्या घरातला माणूस भाडं घेऊन गेला आणि गाडीसाठी मारला गेला, त्या घरासाठी हे लिहिते आहे. ओरोसला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे मोफत वकील मिळतो. आम्हाला तो मिळाला, आणि आज माझ्या भावजयीच्या नावावर जे काही चार पैसे आहेत ते त्या कार्यालयामुळे आहेत. तारे द्यायचेच तर पाचपैकी पाच. त्यांच्या हातात काय नाही तेही खाली लिहिलं आहे, ते वाचूनच जा.

माझा धाकटा भाऊ कुडाळ स्टेशनवर दुसऱ्याची अर्टिगा चालवायचा. पगारी ड्रायव्हर. २०२२चा डिसेंबर, मालवण-तारकर्लीचा सीझन भरात होता आणि स्टँडवर गाड्या पुरत नव्हत्या. संध्याकाळच्या गाडीने तिघे उतरले, आंबोलीला हॉटेलवर सोड म्हणाले. स्टँडवरच्या दोघा ड्रायव्हरांनी त्यांना गाडीत बसताना पाहिलं, एकाने तर त्यांची बॅग डिकीत ठेवली. घाटात पोचायच्या आधीच त्यांनी मागून दोरीने गळा आवळला, माझ्या भावाला दरीत टाकलं आणि गाडी घेऊन गेले. पहाटे मालकाच्या मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज आला, संकेश्वरच्या पुढच्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा. आंबोलीचं भाडं कर्नाटकात कसं गेलं म्हणून त्याने भावाला फोन लावला. फोन बंद होता. मालक तडक आमच्या दारात आला. "ताई, गाडी भलतीकडेच चालली हा, आणि तो फोन उचलीत नाय," एवढंच तो बोलला. त्याच्या हातातला मोबाईल थरथरत होता.

बाकी तपास पोलिसांनी केला. त्याबद्दल तक्रार नाही, गाडी सापडली, तिघेही सापडले. पण एक गोष्ट आम्हाला पोलीस ठाण्यात कुणी सांगितली नाही, गावात कुणाला माहीत नव्हती, आणि बातमी छापणाऱ्यांनीही लिहिली नाही. खुनाचा खटला सरकारचा असतो. तो सरकारी वकील चालवतो, आणि त्यातून आरोपीला शिक्षा होते. ड्रायव्हरच्या बायकोमुलांच्या पोटाचा प्रश्न त्या खटल्यात सुटत नाही. त्यासाठी वेगळा दावा लागतो, वेगळ्या दालनात, वेगळ्या कायद्याखाली, आणि त्याला मुदत असते. खटल्याचा निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणत बसलेल्या घराची मुदत निघून जाते. आमच्याकडे बाराव्याला आलेला प्रत्येक माणूस आरोपींना फाशी होणार का हेच विचारत होता. माझी भावजय दोन लहान मुलांना घेऊन कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी विचारलं नाही की बाई, पुढच्या महिन्याचं काय.

तिच्या माहेरच्यांनी एक वकील गाठला होता. दावा घालतो म्हणाला, पण मिळेल त्या रकमेतले पंचवीस टक्के माझे. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा घरांना हीच बोली सगळीकडून येते. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. कुणी तुमच्यापुढे टक्केवारी ठेवली, तर तिथून उठा.

मी पोस्टात आहे, शाखा डाकपाल. विधी सेवेची एक स्वयंसेविका आमच्याकडे रजिस्टर पत्रं टाकायला यायची. तिने पेपरात वाचलं होतं. काउंटरवर पावती घेता घेता म्हणाली, "ताई, वहिनीला ओरोसला घेऊन जा. बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही." तेव्हा मला ते खरं वाटेना, कारण दाखल्याशिवाय या जिल्ह्यात काही होत नाही. पण ते खरं आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चा आहे, त्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल ते लिहिलं आहे. स्त्रिया आणि मुलं, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीचे, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, आपत्तीत सापडलेले आणि कोठडीतले लोकही त्यात येतात. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये.

कार्यालयात मोठं काही नाही. टेबलं, फायलींची कपाटं, भिंतीवर १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर. भावजयीचा अर्ज भरून घेतला, आधार कार्ड, एफआयआरची प्रत, मृत्यू दाखला घेतला. तिथल्या बाईंनी तिला पहिल्यांदा खुर्ची दिली आणि मग कागद मागितले. आधीच्या दिवसांत आम्ही जिथे जिथे गेलो होतो तिथे सगळीकडे उलटं झालं होतं, म्हणून लक्षात राहिलं. पॅनेलवरच्या वकिलांची यादी असते, त्यातून एक नेमून देतात आणि तसं पत्र देतात. कोर्ट फी, नकलांचा खर्च, टायपिंग, साक्षीदाराचा भत्ता हे सगळं मोफतमध्ये धरलेलं आहे. शेवटपर्यंत आमच्याकडून एक रुपया गेला नाही. एसटीचं तिकीट तेवढं आमचं.

आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या. बाबांना आधी ते पटलं नव्हतं. पण त्यांनी पहिल्याच भेटीत भावाच्या मरणाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. गाडीची विमा पॉलिसी मागितली. मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, तिची छापील प्रत त्यांनी टेबलावर पसरली आणि पेन घेऊन प्रीमियमच्या रकान्यातून खाली उतरत गेल्या. थर्ड पार्टी, मालक-चालकाचा अपघात विमा, असं करत एका ओळीवर थांबल्या. पगारी ड्रायव्हर, पन्नास रुपये. त्या ओळीभोवती त्यांनी गोल केला. म्हणाल्या, "ही ओळ आहे, म्हणजे ड्रायव्हरची जबाबदारी विमा कंपनीने घेतली आहे. आता आपण कुठल्या दारातून आत जायचं तेवढं ठरवू."

हे दाराचं प्रकरण समजून घ्या, कारण इथेच पैशाचा फरक पडतो. पगारी ड्रायव्हर कामावर असताना गेला, तर दोन रस्ते असतात. एक मोटार वाहन कायद्याचा. त्यात १ एप्रिल २०२२पासून लागू झालेलं कलम १६४ आहे. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, मृत्यूला ठरलेले ५ लाख मिळतात. त्या कायद्यातल्या दाव्यांना त्याच तारखेपासून सहा महिन्यांची मुदतही आली आहे. दुसरा रस्ता कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा, १९२३चा. आमच्या वेळी तिथे हिशेब असा होता: महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५ हजारच धरायचे, तशी अधिसूचना २०२०मध्ये निघाली होती. भावाचं वय ३५ होतं, त्या वयाचा आकडा १९७.०६. पगार पंधरा हजार. साडेसात हजार गुणिले १९७.०६, झाले १४ लाख ७७ हजार ९५०. मॅडमनी आमच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. वर अंत्यसंस्काराचे किमान ५ हजार, आणि रक्कम वेळेत भरली नाही तर १२ टक्के व्याज. मुदतही दोन वर्षांची होती. दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७प्रमाणे एकच निवडावा लागतो. निवडला की निवडला. ५ लाख आणि पावणेपंधरा लाख. त्या टेबलावर कुणी नीट बसून हिशेब केला नसता, तर भावजयीच्या वाट्याला यातलं काय आलं असतं याचा मी अजून विचार करते.

गाडी स्वतःचीच असेल आणि मालकच चालवत असेल, तर गणित निराळं आहे. तिथे मालक-चालकाच्या अपघात विम्यावर भिस्त, तो २०१८पासून १५ लाखांचा झाला आहे. स्टँडवरच्या आमच्या माणसांना माझं सांगणं एवढंच, पॉलिसी घेताना पगारी ड्रायव्हर आणि मालक-चालक या दोन ओळी तुमच्या कागदावर आहेत की नाहीत ते बघून घ्या. पन्नास रुपये वाचवणारे मालक मी पाहिले आहेत.

विमा कंपनी सरळ पैसे देत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचं म्हणणं लेखी आलं की हा अपघातच नव्हे, हा खून आहे, आणि खुनाचा विमा आम्ही उतरवला नव्हता. बाबांना मी ते वाचून दाखवलं. ते ओटीवर बसले होते. म्हणाले, "माका पैशे नको, माझो झील होयो होतो." त्यानंतर ते ओरोसला यायला तयार होईनात. पण आईबापांनाही या दाव्यात हक्क आहे. विधवा आईला तो सरळ मिळतो, आमच्या बाबांसारख्याला आपण मुलावर अवलंबून होतो हे दाखवावं लागतं. मॅडमनी त्यांना फोन करून समजावलं. पैशाचं नाव न काढता, त्यांच्या मुलाच्या कामाचं काय ते सांगायला या, असं म्हणाल्या. त्यावर ते आले.

कंपनीच्या त्या म्हणण्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने कधीच दिलेलं आहे. २७ एप्रिल २०००चा निकाल, नागालँडमधल्या दिमापूरच्या रिक्षाचालकाचा. १९९५ साली काही अनोळखी पॅसेंजरांनी त्याची रिक्षा ठरवली, त्याला मारलं आणि रिक्षा पळवली. विमा कंपनी तिथेही हेच म्हणाली होती. न्यायालयाने सांगितलं, मारणाऱ्याचा मुख्य हेतू काय होता ते बघा. त्या माणसालाच मारायचं होतं म्हणून मारला, तर तो निव्वळ खून. पण हेतू रिक्षा चोरण्याचा होता आणि ती चोरी करताना चालक मारला गेला, तर चालकाच्या बाजूने तो कामावर असताना झालेला अपघाती मृत्यूच आहे. त्या निकालात १९१० सालच्या एका इंग्लिश खटल्याचाही आधार घेतला आहे. खाणीतल्या कामगारांचा पगार घेऊन रेल्वेने निघालेल्या कॅशियरला लुटून ठार मारलं होतं, आणि तिथल्या न्यायालयाने तो कामातून उद्भवलेला अपघात मानला होता. मॅडमनी मला त्या निकालाची झेरॉक्स दिली. मी ती पोस्टात दुपारच्या सुट्टीत वाचली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कॅशियरची बायको कोण होती, तिला मुलं किती होती, काही माहीत नाही. पण तिच्यामुळे दिमापूरच्या बाईला मिळालं आणि तिच्यामुळे माझ्या भावजयीला.

आता याचा आणि पोलिसांच्या कागदांचा संबंध येतो, आणि हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. भावाचा मृतदेह आधी मिळाला, गाडी नंतर. त्यामुळे पहिल्या एफआयआरमध्ये भारतीय दंडविधानाची ३०२ आणि २०१ ही दोनच कलमं होती, खून आणि पुरावा नष्ट करणं. जबरी चोरीचं ३९४ कलम गाडी मिळाल्यावर वाढवलं. विमा कंपनीने फक्त पहिला एफआयआर दाखल केला, त्यात चोरीचा शब्द नाही असं दाखवायला, आणि पूर्ववैमनस्याची गोष्ट रचायला सुरुवात केली. मॅडमनी सेशन कोर्टात नकलेचा अर्ज टाकून संपूर्ण चार्जशीटची प्रमाणित प्रत काढली होती. वाढीव कलमाचा अहवाल, गाडी जप्तीचा पंचनामा, फास्टॅगचा तपशील, स्टँडवरच्या दोघांचे जबाब. ते सगळं त्यांनी दाव्यात लावलं. म्हणून सांगते, चार्जशीटमध्ये चोरीचं कलम आहे की नाही हे फक्त आरोपींच्या शिक्षेसाठी बघू नका. ड्रायव्हरच्या मुलांचं जेवण त्या कलमावर उभं असतं. नसेल तर वकिलामार्फत लेखी अर्ज करून विचारा, का नाही.

भावजयीचा उलटतपास झाला त्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. आदल्या रात्री ती म्हणत होती, "ताई, माका कोर्टात बोलूक जमाचा नाय." कंपनीच्या वकिलाने तिला विचारलं, नवरा दारू प्यायचा का. कुणाशी जमिनीचा वाद होता का. गाडीचा मालक तुमचा नातेवाईक आहे ना, पगाराची चिठ्ठी संगनमताने बनवली ना. तिने प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलं, आणि पगाराचं विचारल्यावर मोबाईल काढला. मालक दर महिन्याला गूगल पे करायचा, घरखर्चासाठी म्हणून भाऊ ते पैसे थेट तिच्याच खात्यावर मागवायचा. ते बँक स्टेटमेंट मॅडमनी आधीच लावून ठेवलेलं होतं. तिथे कंपनीचा तो मुद्दा संपला. मालकही साक्षीला आला आणि माझा माणूस माझ्या कामावर होता असं सरळ सांगितलं. अडीअडचणीत मालक अंग काढून घेतात, हा उभा राहिला. त्याची गाडीही मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यासमोर खाऱ्या वाऱ्यात पडून होती आणि हप्ते चालू होते. जप्त वाहनं ठाण्यात सडवू नका, बाँड घेऊन परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलेलं आहे. त्याने अर्ज केला तेव्हा त्याला सुपुर्दनाम्यावर मिळाली. पुन्हा भाड्याला त्याने ती लावली नाही.

दावा मंजूर झाला, पूर्ण रक्कम, व्याजासकट. अपिलात जायचं तर कंपनीला रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते. आयुक्त म्हणजे वेगळं ऑफिस नव्हे, न्यायाधीशच ते काम पाहतात. कंपनीने रक्कम भरली आणि अपील केलं नाही. मुलांचा वाटा त्यांच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायचा आदेश झाला. घरातल्या एका दोघांना ते आवडलं नाही, मला फार आवडलं. सासरचा, माहेरचा, कुणाचाही हात त्या पैशाला लागणार नाही. भावजयीच्या वाट्यातून तिने शिलाई मशीन घेतलं, थोडं घर दुरुस्त केलं.

सेशनच्या खटल्यात विधी सेवेच्या वकिलाचं काम मर्यादित असतं, ते आधी समजून घ्या म्हणजे मनस्ताप होणार नाही. खटला सरकारी वकीलच चालवणार. पीडिताच्या घरच्यांना आपला वकील त्यांच्या मदतीला देता येतो, ती तरतूद २००९च्या दुरुस्तीने आली, आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवादही देता येतो. पण आमच्या मॅडमना साक्षीदाराला उभं करून प्रश्न विचारता येत नव्हते. त्या मागे बसायच्या, टिपणं काढायच्या आणि मधल्या सुट्टीत सरकारी वकिलांना द्यायच्या. खटल्याच्या मध्येच सरकारी वकील बदलले, तेव्हा नव्या साहेबांना सगळी केस या टिपणांवरून कळली. टॉवर लोकेशनच्या कागदांना जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बीचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे का, हे मॅडमनी वेळेत बघितलं. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पुन्हा ठासून सांगितलं आहे. त्याच्याशिवाय मोबाईलचे रेकॉर्ड कितीही बोलके असले तरी कोर्ट वाचत नाही.

माझी साक्ष भावाची वस्तू ओळखण्याची होती. साक्षीदाराला स्वतःची साक्ष होईपर्यंत आत बसू देत नाहीत, त्यामुळे आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. नाव पुकारल्यावर गेले. कारकुनाने एक खाकी पाकीट घेतलं, त्यावरची लाखेची मोहर सगळ्यांना दाखवली, कात्रीने कडेने कापलं आणि आतून चपलेचा एक पाय काढला. डाव्या पायाची कोल्हापुरी, अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला. कुडाळच्या बाजारातल्या चांभाराकडे काळा दोरा संपला होता म्हणून त्याने निळा घातला होता, आणि भाऊ घरी येऊन म्हणाला होता की आता चोर नेणार नाय. मला विचारलं, कशावरून ओळखता. मी दोरा सांगितला. आरोपीच्या वकिलाने विचारलं, निळा दोरा बाजारात कुणीही वापरतो ना. मी म्हटलं, वापरतो, पण हे टाके मी दोन महिने रोज उंबऱ्यात बघितले आहेत. न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मॅडमनी पाणी दिलं आणि काही बोलल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

एक पंच फितूर झाला. मेमोरँडम पंचनामा म्हणजे वस्तू कुठे आहे ते आरोपीने पंचांसमोर सांगितल्याचा कागद. त्यावर सही माझी आहे, पण माझ्यासमोर आरोपीने काही सांगितलं नाही, असं तो म्हणाला. तिसऱ्या आरोपीकडून भावाचा मोबाईल मिळाला होता आणि त्याच्याविरुद्ध तो पंचनामाच मुख्य आधार होता. तो संशयाचा फायदा मिळून सुटला. बाकी दोघांना जन्मठेप झाली. त्यांच्याविरुद्ध स्टँडवरचे दोघे साक्षीदार, स्टेशनचं सीसीटीव्ही, आणि दोनच दिवसांत त्यांच्या ताब्यात मिळालेली गाडी होती. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे मिळतो त्याने तो कुठून आणला ते सांगावं लागतं, त्यांना ते सांगता आलं नाही. त्या फितूर पंचाला मी रस्त्यात बघते. बोलत नाही. स्टँडवरच्या त्या दोघांनी मात्र धंदा बुडवून तारखा केल्या, समन्स आलं की हजर. या जिल्ह्यात ड्रायव्हरांबद्दल वाटेल ते बोलणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

निकालात न्यायाधीशांनी विधी सेवेकडे पीडित भरपाईची शिफारसही केली. ही आणखी वेगळी गोष्ट, जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३५७अ. सरकारच्या निधीतून मिळते, आरोपीच्या खिशातून नाही. आरोपी सापडलाच नाही तरीही मागता येते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. अर्ज त्याच कार्यालयात द्यायचा, चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कायद्यात आहे.

आता त्यांच्याकडून कशाची अपेक्षा धरू नये ते. पॅनेलच्या वकिलांची स्वतःचीही कामं असतात. मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकल्या की त्यांचे ज्युनियर यायचे, आणि ज्युनियर आला की समोरचे हटकून पुढची तारीख मागायचे. तारखांचा वेग विधी सेवेच्या हातात नाही. त्यासाठी मी एक करायचे, ई-कोर्ट्सचं सरकारी अ‍ॅप मोबाईलवर घेऊन त्यात केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर घालून ठेवला होता. पुढची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे, आदेश झाला असेल तर तो, सगळं दिसतं, फुकट. तारीख पडली की मी मॅडमना आदल्या दिवशी फोन करायचे. त्यांना त्याचा राग आला नाही, उलट बरं झालं म्हणायच्या. तुमच्या घरात कागदाची सवय असलेलं एक माणूस हवंच. नसेल तर त्या कार्यालयातल्या स्वयंसेवकांना सांगा, मदत करतात.

तुमचं प्रकरण १ जुलै २०२४नंतरचं असेल तर कलमांचे आकडे बदललेले आहेत. खून भारतीय न्याय संहितेत १०३(१), जबरी चोरीत दुखापत ३०९(६), पीडित भरपाई नागरिक सुरक्षा संहितेत ३९६. कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदाही २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तेव्हा मुदत आणि रक्कम नव्याने विचारून घ्या. आमचे आकडे जुन्या कायद्याचे आहेत, ते तसेच्या तसे धरू नका.

जाताना एवढं घेऊन जा: एफआयआर, मृत्यू दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल मिळाला असेल तर तो, गाडीची आरसी आणि पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, पगाराचा कुठलाही पुरावा, बायकोमुलांचे आधार आणि मुलांचे जन्मदाखले. लायसन्स खुनात हरवलं असलं तर आरटीओकडून उतारा मिळतो. काहीच नसेल तरी जा, अर्ज घेतात आणि कागद कसे मिळवायचे ते सांगतात. एसटीने जाणाऱ्यांनी सकाळचीच गाडी धरा.

दोघा आरोपींनी जन्मठेपेविरुद्ध अपील केलं आहे. पूर्वी याला मुंबईला जावं लागायचं. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याखाली येतात, म्हणजे आता घाट चढला की कोर्ट. जो सुटला त्याच्याविरुद्ध पीडिताच्या वारसांना स्वतः अपील करता येतं. भावजयीने ते करायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठीच्या मोफत वकिलाचा अर्जही आम्ही ओरोसलाच दिला. या वेळी फॉर्म तिने स्वतः भरला.